आप्पांनी पुरी केलेली वाक्यं

क्लासमध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात. विसरलेल्या छत्र्या आणि किस्से. छत्र्या लोक आठवण आली की घेऊन जातात, किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहतात. राजारामपुरीत एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. सकाळी सातची बॅच. डोक्यात आता जागा उरली नाही, म्हणून थोडे किस्से तुमच्याकडे सोपवते.

मोठ्या माणसांची खरी अडचण एकच. इंग्रजी शब्द सगळ्यांना येतात, पण वाक्याला वाक्य जोडता येत नाही. "आय ॲम विक्रम. आय हॅव जिम. आय गो होम." संपलं! पुढे नुसतं बघत बसायचं.

म्हणून मी शर्टाच्या खोक्याचे पुठ्ठे कापून चार पाट्या केल्या. अँड, बट, ऑर, सो. एकानं अर्धं वाक्य बोलायचं, मी पाटी वर करायची आणि शेजारच्यानं वाक्य पुरं करायचं. ही युक्ती मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. इथे तसंही कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ देत नाही. म्हटलं, तीच सवय कामाला लावू!

* * *

या कामात सगळ्यात पटाईत निघाले ते आप्पा. वय साठच्या आसपास, जनावरांच्या पेंडीचं दुकान, आवाज असा की खाली मेडिकलवाल्याला गिऱ्हाइकाचं ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आप्पा, तुम्हाला इंग्रजी कशाला हवंय?"

"जावई इंग्लिशमधनं भांडतोय म्याडम. निदान काय म्हणतोय ते तरी कळाय नको?"

फी न विचारता बसले. पहिल्याच आठवड्यात विक्रम म्हणाला, "आय वेंट टू डॉक्टर." मी 'बट' दाखवली. आप्पा गरजले, "बट डॉक्टर वेंट टू अनादर डॉक्टर!"

चुकलं कुठे, ते मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

* * *

सुनीता वहिनींचं ब्युटी पार्लर आहे. त्या शिकलेलं सगळं त्याच दिवशी घरी वापरून बघतात. एकदा सकाळी आल्या त्या हसतच.

"म्याडम, काल ह्यास्नी म्हटलं, यू वॉश द डिशेस ऑर..."

"ऑर काय?"

"तेच तर! मी पुढचं शोधतच होते की. तवर ह्यांनी निम्मी भांडी घासली पण!"

* * *

विक्रम म्हणजे तो जिमवाला. दंड एवढाले, आणि बोलताना मान खाली. एक दिवस बराच वेळ घेऊन तो म्हणाला, "आय लाइक वन गर्ल इन जयसिंगपूर."

मी 'बट' वर केली. आता आप्पांनी काहीतरी बोलायचं होतं. ते पाटीकडे बघेचनात.

"कुणाची रं?"

"आप्पा, इंग्रजीत!" मी ओरडले.

"थांबा हो म्याडम. कुणाची रं, लेका?"

विक्रमनं नाव सांगितलं. आप्पा गप्प झाले, आणि आप्पा गप्प झाले की मला धडकी भरते. रविवारी हा माणूस एसटीनं जयसिंगपूरला जाऊन थेट मुलीच्या घरी चहा पिऊन आला! सोमवारी दारातूनच आरोळी: "अँड दे सेड येस!"

मी म्हटलं, "अहो, पण मी 'बट' दाखवली होती."

"ती 'बट'ची पाटी फाडून टाका म्याडम. अपशकुनी हाय."

लग्नात मी आहेर घेऊन गेले तर विक्रमनं मला आणि आप्पांना शेजारी शेजारी उभं करून फोटो काढला. त्यात आप्पांच्या हातात ती पाटी आहे, उलटी धरलेली.

* * *

मी तशी शीघ्रकोपी. एकदा कुणीच अभ्यास करून आलं नव्हतं. मी पाट्या टेबलावर आपटल्या आणि म्हटलं, "आय ॲम व्हेरी टायर्ड ऑफ यू पीपल!"

आप्पांनी शांतपणे त्यातली 'सो' उचलली आणि माझ्यासमोर धरली.

सगळी बॅच एका सुरात: "सो टुडे हॉलिडे!"

एवढं बिनचूक वाक्य त्याआधी एकदाही आलं नव्हतं. सुट्टी दिली, दुसरं काय करणार!

* * *

आता शाहीनचं सांगते.

शाहीन गारगोटीची. वडील शिलाईकाम करतात. ती इथल्या एका दवाखान्यात नर्स, रात्रीची ड्युटी संपवून थेट क्लासला यायची. बसायची आप्पांच्या डाव्या हाताला. आल्या आल्या पहिला प्रश्न, "आप्पा, बीपीची गोळी घेतली?" आणि आप्पांचं ठरलेलं उत्तर, "आज ऊन लई हाय न्हाय?"

सगळ्या बॅचमध्ये इंग्रजी तिचंच चांगलं. पण अर्ध्या वाक्यावर आवाज जायचा. मग उजवीकडे आप्पांकडे बघायची, आणि आप्पा काहीतरी ठोकून द्यायचे.

न्यूझीलंडमध्ये म्हाताऱ्या माणसांच्या एका हॉस्पिटलात तिला नोकरी हवी होती. ऑनलाइन मुलाखत दोनदा झाली. पहिल्यांदा ती "गुड मॉर्निंग" म्हणून इतकी गप्प बसली की त्यांना वाटलं नेटवर्क गेलं. दुसऱ्यांदा पाठ केलेलं मध्येच विसरली. आता तिसरी आणि शेवटची. यात नापास झालं की ते परत बोलावत नाहीत. तिनं गावाला जाणंच सोडलं होतं. गारगोटीच्या स्टँडवर उतरलं की जो तो विचारायचा, "कधी निघालीस गं?"

तिच्या हॉस्टेलवर रेंज नाही, म्हणून मुलाखत माझ्या क्लासमध्येच ठेवली. सकाळी आठला. खोलीत ती एकटी, दार लोटलेलं, आणि बाहेर जिन्यावर आम्ही चौघं. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून आले होते, जणू मुलाखत त्यांचीच आहे. मी सगळ्यांना बजावलं, "एक शब्द जरी काढलात तरी बघा!"

आतून एका बाईंचा आवाज आला. म्हाताऱ्या पेशंटबरोबर तुम्ही कसं काम करता, सांगा.

"आय टेक केअर ऑफ ओल्ड पेशंट्स, अँड..." शाहीन म्हणाली.

आणि थांबली.

मी फटीतून पाहिलं. पोरगी उजवीकडे वळून रिकाम्या खुर्चीकडे बघत होती! ही माझीच करणी. दुसऱ्यानं वाक्य पुरं करायची सवय मीच लावलेली. शेजारी आप्पांची चुळबूळ सुरू झाली. मी त्यांचा सदरा घट्ट धरला. वहिनींनी दुसऱ्या बाजूनं धरला.

उपयोग शून्य!

"अँड शी फाइट्स विथ मी एव्हरी मॉर्निंग फॉर टॅब्लेट!"

अख्ख्या गल्लीनं ऐकलं. मी जिन्यावर मटकन बसले. संपलं, म्हटलं. पोरीची नोकरी गेली आणि माझ्या क्लासमुळे गेली.

आतल्या बाईंनी विचारलं, "हू इज दॅट?"

शाहीन बोलायला लागली. "दॅट इज आप्पा. ही सिट्स नेक्स्ट टू मी, अँड ही हॅज हाय बीपी, बट ही डझंट टेक हिज टॅब्लेट, सो आय आस्क हिम एव्हरी डे. ही चेंजेस द सब्जेक्ट, बट आय आस्क अगेन." पुढे किती तरी वेळ. दवाखान्यातल्या आजींचं सांगितलं, रात्री घाबरून उठणाऱ्या एका आजोबांचं सांगितलं. एकदाही उजवीकडे बघितलं नाही. माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

शेवटी त्या बाईंनी विचारलं, "अँड डिड ही टेक इट टुडे?"

शाहीननं दाराकडे मान वळवली. "आप्पा, गोळी घेतली?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं. ऊन आहे का बघितलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "नो... बट आय विल."

पलीकडे मुलाखत घेणारे तिघंचौघं खदखदून हसल्याचं ऐकू आलं.

चौथ्या दिवशी मेल आली. निवड झाली होती! मी इतका मोकळा श्वास स्वतःच्या निकालालाही घेतला नव्हता. त्या रविवारी शाहीन गारगोटीला गेली आणि स्टँडवर मुद्दाम अर्धा तास उभी राहिली.

परवा सातच्या बॅचला तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार होती, अंगावर नवा युनिफॉर्म. सगळ्यांनी गलका केला. तिनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाली, "आप्पा, टेक युवर टॅब्लेट ऑर..."

आप्पांनी खिशातून गोळी काढली आणि वहिनींकडे पाण्यासाठी हात पुढे केला.