चाळीस दिवस सोडलेलं भांडण

गडचांदूरच्या आठवडी बाजारात टोपल्या विकणारी ती बाई मी पाच-सहा वेळाच पाहिली. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला क्रूस, हातात बांबू सोलायची सुरी. भाव ती एकदाच सांगे. घासाघीस करण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण समोरचा बोललाच नाही तर भाव पाडायचा कसा?

तिची कडुनिंबाखालची जागा शेजारच्या मडकेवाल्याने बळकावली होती. ती गुमान उन्हात बसे. मला राहवेना.

"बाई, काऊन भांडत नाई त्याच्यासंग?"

"ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस हायेत, भाऊ. लोकं मटण सोडतात. मले मटण भेटतेच कधी? भांडण रोज भेटते, म्हणून तेच सोडलं."

"जमते?"

"दुपारी तोंड लई खाजते," म्हणत तिने सुरी पुन्हा बांबूला लावली.

मी हसलो. धाकट्या भावाने पोरीच्या लग्नाला मला बोलावलं नाही, त्याला आठ वर्षं झाली. तो राग मी एक दिवसही खाली ठेवलेला नाही.

ईस्टर झाल्यावर मुद्दाम तमाशा पाहायला गेलो. टोपलीच्या भावावरून तिने मला चांगलंच झोडलं. पण बसली होती उन्हातच.

"आता तं उपास सुटला ना, बाई?"

"जागा मी मागीनच, भाऊ. पण त्याच्यावरला राग शोधून राह्यली, तं सापडतच नाई."

परतताना गाडी भावाच्या गल्लीतून घेतली. थांबलो नाही. त्याच्या दारापाशी वेग मात्र कमी केला.