मामांची मोजणी

मामा मोजायला लागले की घड्याळाची गरज उरत नसे. “येक, दोन, तीन...” घाई नाही, रेंगाळणं नाही. तीस म्हणेपर्यंत बरोबर अर्धं मिनिट झालेलं असायचं. एका शंकेखोर गिऱ्हाइकाने एकदा हातातल्या घड्याळाशी तीनदा पडताळून पाहिलं आणि फरक निघेना तेव्हा घड्याळच कानाला लावून पाहिलं. मामांनी त्याला चहा पाजला आणि त्याच्या गाडीचं काम दुसऱ्या दिवसावर ढकलून दिलं.

जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला लागून, लोधिवलीच्या अलीकडे त्यांचं गॅरेज. नात्याने ते माझे कुणी नव्हेत, सगळ्यांचेच मामा. माझे बाबा कर्जतला गुरांचे डॉक्टर होते. आडवाटेच्या वाड्यांवर जायला त्यांनी जीप घेतली आणि पहिल्या बिघाडापासून ती मामांच्या हाती गेली. मी तेव्हा शाळेत होते. मामा बाबांना ‘डाक्टर’ म्हणायचे आणि मला ‘बाय’. पुढे मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले तरी माझी ‘मॅडम’ काही झाली नाही.

गाडी कुठल्याही दुखण्याने आलेली असो, मामा आधी बॉनेट उघडून एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण काढायचे. ब्रेक लागत नाही म्हणून आलेला माणूस वैतागायचा. मामा शांतपणे फिल्टर बाहेर काढून उन्हात धरायचे. “आधी हिचा दम बगू दे. दम बरा आसला तं बाकी सगलं बरं व्हतं.” मग कॉम्प्रेसरची नळी लावून फिल्टर फुंकायचे. धुळीचा लोट उठायचा आणि त्यात मामा दिसेनासे व्हायचे. मामी गॅरेजमागच्या घरातून ओरडायच्या, “आवो, तोंडाला फडका तरी बांदा! गाडीच्या नाकाला जाली हाय, तुमच्या नाकाला काय हाय?” मामा धुळीतूनच उत्तर द्यायचे, “माजं इंजिन जुनं हाय गं, त्याला सवय हाय.” आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचे.

अलीकडे कळंबकडच्या रिसॉर्टांवर शनिवार-रविवारी डोंगरात, ओढ्यात गाड्या घालणारी हौशी मंडळी यायला लागली. त्यातले बरेचजण कंपनीचा फिल्टरचा डबा काढून टाकायचे आणि त्या जागी उघडा, शंकूसारखा, चकचकीत फिल्टर बसवून आणायचे. इंजिनाला जास्त हवा, म्हणजे जास्त ताकद, असा सरळ हिशेब. गाडी गुरगुरायला लागायची आणि मालक खूश. मामांचं मत मात्र पक्कं होतं. “आवाज वाडला, दम नाय वाडला.” आणि कुणी वाद घातलाच तर: “हवा वाडवलीस, डिजल तेवडंच. चुलीत फुकलं मनून लाकडं वाडतात का रं? वर ह्यो उगडा फिल्टर बॉनेटातली गरम हवा खातो आनि धूल फुकट.” इंजिनाची हवा वरून घ्यायला गाडीच्या छताच्या उंचीपर्यंत नेलेल्या श्वासनळीला मात्र ते नावं ठेवत नसत. ओढ्यातलं पाणी इंजिनात जाऊ नये म्हणून ती हवीच, फक्त तिने गाडी जास्त पळते असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. “ती पवायला हाय, पलायला नाय.”

तोंडी वादावर मात्र त्यांनी कधी निकाल दिला नाही. गॅरेजमागे टेकडीवर जाणारा मुरमाचा चढ होता. खाली पळसाचं झाड, वर पाण्याची सिमेंटची टाकी. गाडीत वाळूच्या चार गोणी टाकायच्या, पळसापाशी थांबायचं, तिथून दुसऱ्या गिअरमध्ये टाकीपर्यंत. मामा शेजारच्या सीटवर बसून मोठ्याने मोजणार. आधी डब्यावर, मग नव्या फिल्टरवर. मोबाइलवर वेळ लावू म्हटलं तर म्हणायचे, “त्यात बगशील का रस्त्याकडं बगशील?” उतरल्यावर ते गॅरेजच्या भिंतीवर खडूने गाडी आणि आकडा लिहायचे. भिंत भरली होती. नव्या फिल्टरने एखाद्या अंकाचा फरक पडला तर पडला, बहुतेकदा तोही उलटा. गिऱ्हाईक मुकाट्याने डबा परत बसवून घ्यायचं.

बाबा गेल्यावर जीप माझ्याकडे आली. भिंतीवर तिचा आकडा वर्षानुवर्षं तीस होता. मला मात्र मामांना एकदा हरवायचंच होतं. मी फिजिक्सची बाई आणि ते कधी शाळेत फार न गेलेले, असला क्षुद्र अहंकार त्यात नव्हता असं मी म्हणणार नाही. बरेच दिवस वाचून, माहिती काढून मी एक उघडा फिल्टर आणला, गरम हवा लागू नये म्हणून त्याला पत्र्याचा आडोसा करून घेतला आणि एका रविवारी सकाळी गॅरेजवर हजर झाले. मामांना त्या दिवसांत खोकला होता. धुळीचा आहे, जाईल, असं ते म्हणाले, डबा उतरवून नवा फिल्टर बसवला आणि गोणी चढवायला लागले. डब्यावरचा तीस भिंतीवर होताच, म्हणून ती फेरी मी गाळायला लावली.

पळसापाशी मी क्लच सोडला. इंजिन असं काही गरजलं की मलाच दचकायला झालं. त्या गर्जनेत मामांचे अंक मला तुटक तुटक ऐकू येत होते. टाकी आली आणि ते म्हणाले, “चोवीस.”

मी स्टिअरिंगवर थापा मारत ओरडले. चोवीस! मामांनी खिशातल्या फडक्याने तोंड पुसलं. मागे वळून पळसाकडे पाहिलं. मग म्हणाले, “परत येकदा जाऊ या, बाय.”

“आता का परत? हरलात की हरलात म्हणा, मामा!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. गॅरेजवर येऊन स्वतःच्या हाताने खडूने लिहिलं, ‘बायची जीप, २४’. पेढे मी आणले. महिन्याभरात खालापूरपासून कर्जतपर्यंत जीपवाल्यांत ही बातमी फिरली. मामा हरले म्हटल्यावर जो तो उघडे फिल्टर मागायला आला आणि मामांनी ते निमूटपणे बसवूनही दिले.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी वर्गात मोजमापातल्या चुका शिकवत होते. दर वर्षी मी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिते: आधी मोजण्याचं साधन तपासा. या खेपेला पोरांना घरचं उदाहरण द्यावं, नीट सेकंदांत, म्हणून मी एका सुटीच्या दिवशी तेवढ्याच वजनाच्या गोणी घालून परस्पर चढावर गेले. डॅशबोर्डवर मोबाइल लावला. टाकीपाशी एकतीस सेकंद. मला वाटलं, बटण उशिरा दाबलं. पुन्हा गेले. एकतीस. तिसऱ्यांदा एकतीस. मी इंजिन बंद केलं. जीप एका सेकंदानेही वेगवान झाली नव्हती. मग चोवीस आला कुठून, हे कळायला मला फिजिक्स लागलं नाही.

मी तशीच गॅरेजवर गेले. मामा खाटेवर बसले होते, समोर एक उघडलेला फिल्टर होता, तो फुंकायचा राहिला होता. मी म्हटलं, “मामा, मोजा बघू.” त्यांनी माझ्या हातातला मोबाइल पाहिला आणि सगळं ओळखलं. तरी मोजलं. दोन-तीन अंक झाले की थांबत, श्वास घेत, पुढचा अंक उचलत. अर्धं मिनिट झालं तेव्हा ते एकवीसवर होते.

“तवाच कललं व्हतं मला,” ते म्हणाले. “टाकी लवकर नाय आली, बाय. माजाच आकडा मागं राह्यला.”

“मग बोलला का नाहीत?”

“परत जाऊ मनालो की.” मग जरा दम घेऊन म्हणाले, “आनि तू किती हसलीस त्या दिवशी. डाक्टर गेल्यापासून तुला तशी हसताना पायली नवती.”

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. फुप्फुसात वर्षानुवर्षांची धूळ बसली होती. डॉक्टरांनी विचारलं, दम लागतोय हे पहिल्यांदा कधी लक्षात आलं? मामा बोटांवर महिने मोजायला लागले. मी मात्र तो रविवार सांगू शकले असते, सकाळची वेळही. नऊ-दहा महिने आधी आला असता तर बरंच काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्या महिन्यांत मी पेढे वाटत होते. डब्यावर जीप चालवली असती तर त्या शांत इंजिनात मला त्यांचा श्वास ऐकू आला असता.

मामा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. शेवटी शेवटी नाकाला ऑक्सिजनची नळी असायची. एकदा ती चाचपत म्हणाले, “बग, मलाबी बसवली. पलायला नाय हां.” मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी भिंतीवरचा चोवीस पुसते म्हटलं, तर नको म्हणाले. “खोटा हाय तो,” मी म्हटलं. “आसू दे,” ते म्हणाले. “तुजं हसनं खरं व्हतं.”

त्यांचे दिवस झाल्यावर मी कंपनीचा डबा जीपला परत बसवला. मामांनी तो फडक्यात गुंडाळून माळ्यावर नीट ठेवला होता, आत नवा फिल्टरही घालून. मामींना सांगून मी चार गोणी टाकल्या आणि पळसापाशी जाऊन थांबले. मोबाइल बंद करून पर्समध्ये टाकला. शेजारची सीट रिकामी होती. त्यांच्या चालीत मोठ्याने मोजायचं आणि तीसला टाकी गाठायची, भिंतीवर खरा आकडा लिहायचा, एवढंच ठरवलं होतं. येक, दोन, तीन म्हणत मी क्लच सोडला. इंजिन किती हळू आवाजात चालत होतं. सात-आठपर्यंत सगळं नीट गेलं, मग रिकाम्या सीटकडे नजर गेली, अंक अडकायला लागले, एक म्हटला की पुढचा येईपर्यंत थांबावं लागू लागलं.

जीप तीच होती, चढ तोच होता. टाकी आली तेव्हा मी एकोणीसवर होते.