बंद कॉम्प्युटरवरून लागलेलं लॉक

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि आता बसलाय असंही म्हणणार नाही. मी डेटाबेस सांभाळणारा माणूस. सर्व्हर अडला की त्याला कारण असतं, शोधलं की सापडतं... एवढ्यावरच माझी नोकरी चालते. हे मात्र सापडलं नाही.

त्या दुष्काळात आमच्या सहकारी दूध संघानं लिंबागणेश गावाच्या पुढे माळावर चारा छावणी उघडली होती. प्रत्येक जनावराच्या कानाला बिल्ला. सकाळी तो स्कॅन झाला तरच चारा. जे जनावर बरेच दिवस स्कॅन झालं नाही, ते गेलं असं धरून नाव कमी करायचं. बाहेर रांग होतीच, जागा लगेच दुसऱ्याला जायची.

हे काम आधी गेटवरचे सोपानमामा करायचे. जनावराची एन्ट्री उघडायची, तशीच अर्धवट ठेवायची आणि गोठ्याकडे चालू पडायचं. इकडे त्या एन्ट्रीला लॉक लागून, ती बंद होईपर्यंत माझं सगळं ठप्प! फोन केला की एकच उत्तर — "जनावर बघितल्याबिगर नाव कापायचं न्हाई मला."

संक्रांतीनंतर मामा हार्ट अटॅकनं गेले. त्यांचा कॉम्प्युटर माझ्या टेबलाखाली आला आणि त्यांचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पत्र्याची खोली, दिवसभर स्क्रीन, नाकातोंडात फुफाटा... पार वैतागलो होतो.

एका दुपारी नावं कमी करायला घेतली आणि काम अडलं. एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे कुणाचं तरी अर्धवट काम, उघडी; बाकी सगळ्या तिच्यामागे थांबलेल्या. युजर — सोपानमामा. कॉम्प्युटर — गेटवरचा. खाली वाकून बघितलं तर वायर गुंडाळलेली, वर धूळ. सेशन किल केलं, म्हणजे ते कनेक्शनच तोडलं. लॉक परत लागलं. पुन्हा किल केलं, पुन्हा तेच. खरं सांगतो, भीती नाही वाटली, चीड आली. मेल्यावरही हा माणूस मला जेवू देत नाही!

लॉक एकाच बिल्ल्यावर होतं, कौसामावशीच्या गाईच्या. घरचे सगळे ऊसतोडीला गेलेले; म्हातारी आणि गाभण गाय, दोघीच छावणीत. शेवटी खोलीला कुलूप लावलं आणि उन्हात गोठ्याकडे निघालो.

गाय जागेवरच होती. कानाला जाड फडकं गुंडाळलेलं. शेजारणीनं दिलेल्या चाऱ्यावर मावशी तिला जगवत होती.

"कुंपणाच्या तारंत कान फाटला तिचा. हळद भरून बांधलाय," मावशी म्हणाली. "बिल्ला आतच हाय की... का वो सायेब, नाव कापलं का काय?"

नाही कापलं, म्हणालो. मामांनी अडवलं नसतं तर कापलंच असतं.

परत आलो तर लॉक गेलेलं. खोलीची किल्ली माझ्या खिशात होती आणि मी काहीच सोडवलं नव्हतं. सर्व्हरवाल्या कंपनीचे इंजिनिअर म्हणाले, जुनं सेशन राहिलं असेल. पण सर्व्हर त्याच सकाळी मी स्वतः बंद करून चालू केला होता. जुनं काही असतं तर तेव्हाच तुटलं असतं.

वापरात नसलेले युजर काढून टाका, असं वरून दरवर्षी सांगणं येतं. बाकीचे काढतो. मामांचं नाव समोर आलं की वाटतं, आधी त्यांना एकदा बघून यावं... आणि बघायला जायचं कुठं, ते कळत नाही.