खचलेली फरशी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय—कुणास ठाऊक.

सोलापुरात आम्ही काही जणी दुष्काळी भागाचे नकाशे करतो. कोरडे ओढे, पाणी असलेल्या विहिरी, रस्ते, टाक्या. उन्हाळ्यात टँकर याच नकाशांवरून जातात. मी सगळ्यांत जुनी. रेणुका बरीच नंतर आली, तिला काम शिकवलं ते मीच. आणि वर्षभरात साहेब मीटिंगमध्ये म्हणायला लागले, "नकाशा कसा असावा, रेणुकाचा बघा." मी हसायचे. पोटात दुखायचं—फार दुखायचं. माळावरच्या पायवाटासुद्धा तिच्या नकाशात असायच्या. माझ्यात काय कमी होतं? एकदा, एकदाच ती चुकावी म्हणून मी टपून बसले होते.

त्या मे महिन्यात तिचे वडील दवाखान्यात होते. तिचा मैंदर्गीकडचा नकाशा तयार होता, पुढे पाठवायचा होता मी. तिचा फोन आला. "ताई, वस्तीच्या वाटंवरची फरशी खचलीया. भरला टँकर जायचा न्हाय. तेवढं नकाशात टाका की. वरल्या अंगानं दुसरी वाट हाय, ती दावा."

फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. "टाकते," म्हणाले मी.

टाकलं नाही. विसरले का? छे हो. एका मिनिटाचं काम होतं. नकाशाखाली तिचं नाव होतं—ते बघत बसले, आणि नकाशा तसाच पाठवून दिला.

टँकर फरशीपर्यंत गेला आणि भरलेलाच माघारी फिरला. वस्ती तशा उन्हात बिनपाण्याची राहिली. त्या माणसांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता. खरं सांगू? कळल्यावरही आधी मी साहेबांचा चेहरा बघायला धावले.

साहेबांनी रेणुकाला फिरतीवरून काढून ऑफिसात बसवलं. ती माझ्या टेबलापाशी आली, डोळे जागरणानं सुजलेले. "ताई, फरशीचं मी तुमाला फोनवर सांगितलं हुतं न्हवं? का दवाखान्याच्या गडबडीत ऱ्हाऊनच गेलं?"

आता तरी बोलायचं ना मी?

"नाही गं, काही बोलली नव्हतीस," म्हणाले. वर तिच्या पाठीवरून हात फिरवला. "होतं असं कधी कधी."

"मग माजंच चुकलं," म्हणाली, आणि साहेबांपुढे जाऊन तसं कबूल करून आली.

तिची गावं आता माझ्याकडे आहेत. मीटिंगमध्ये माझे नकाशे दाखवतात. नवीन मुली आल्या की रेणुका त्यांना माझ्याकडे पाठवते. म्हणते, "ताईंना सांगून ठेवा. ताई कदी इसरत न्हाईत."