नववे घर

थंड उत्तरेच्या समुद्रकाठी, हॅगडाउन कोव्ह या मच्छीमार गावात घरे नऊ. आणि त्या नऊ घरांत चाळिशीच्या आतले एकही माणूस असे नव्हते, ज्याला जगाचा पहिला स्पर्श केझाया हाउन्सेलच्या हातांनी झाला नाही. वादळ असो, धुके असो, खाडी गोठलेली असो, दारावर थाप पडली की केझाया आपली कातर आणि उकळलेली फडकी ॲप्रनमध्ये गुंडाळून निघत असे. चाळीस वर्षे तिने हे केले. मोबदला कधी मागितला नाही, आणि कुणी विचारलाही नाही. रीत वेगळीच होती. विधवेच्या दाराशी होड्यांवरून परतणाऱ्याने दोन कॉड मासे ठेवायचे, आणि हिवाळाभर पुरुषांनी तिची लाकडे फोडून द्यायची. ना आभार, ना हिशोब.

कारण केझाया विधवा होती. तिचा नवरा एलायब १९४१ च्या वसंतात होडीसह गेला तो गेलाच. समुद्राने त्याची टोपीसुद्धा परत दिली नाही. त्याआधी तीन लेकरे चर्चमागच्या टेकडीवर निजली होती, तिन्ही सहा महिन्यांच्या आतली. इतरांची लेकरे जगवणाऱ्या हातांना स्वतःचे एकही राखता आले नाही. देवा, तुझी ही कसली वाटणी! पण तिने देवाला हा प्रश्न कधी विचारला नाही. एलायबने स्वतः तोडलेल्या स्प्रूसच्या लाकडाचे घर तिच्यापाशी होते, हिरव्या चौकटीची खिडकी पाण्याकडे होती, आणि त्या खिडकीत ती रोज दिवा लावत होती. ज्याला कबर नाही, त्याला निदान दिवा तरी दिसावा.

१९६६ च्या फेब्रुवारीत सरकारचा माणूस शाळेत आला. गावे फार विखुरली आहेत, म्हणाला. रस्ता नाही, डॉक्टर नाही, शाळेला मास्तर मिळत नाही. सगळ्यांनी मोठ्या बंदरात, डेंटन हार्बरला यावे. प्रत्येक घराला सरकार मदत देईल. मात्र शंभरातल्या नव्वद घरांनी सही केली तरच. घरे नऊ असल्यामुळे एकाही घराची सही राहिली तर कुणालाच काही मिळणार नव्हते.

आठ घरांनी सह्या केल्या. केझाया म्हणाली, "मला नको."

"अगं मावशी, नको काय?" गार्लंड बरी ओरडला. गावातली सर्वांत मोठी इंजिनाची होडी त्याची, म्हणून शब्दही त्याचा मोठा. "तुझ्या एकटीपायी आम्ही इथंच कुजायचं?"

"तुम्ही जा की बाबांनो. मी कुणाचा हात धरलाय का?"

"सही नाही तर मदत नाही! ऐकू येतं ना तुला, का कानही एलायबकाकासोबत बुडाले?"

शाळेत कुणीतरी हसले. आणि त्या हसण्याला कुणी आवर घातला नाही, तेव्हा केझायाला कळले की गोष्ट संपली आहे. उरला आहे तो केवळ वेळ.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या दाराशी मासा आला नाही. आठवडा गेला, लाकूड आले नाही. पासष्ट वर्षांची ती बाई स्वतःच ओंडके फोडू लागली. कुऱ्हाडीचा आवाज आठही घरांत जात होता, आणि आठही घरे दारे लावून चहा पीत होती. पोरे तिला पाहून वाट बदलत. ज्यांना तिने पाय धरून उलटे करून पहिला श्वास घ्यायला लावला, त्यांचीच ही पोरे! मार्चमध्ये मेल्विनाचे, गार्लंडच्या बायकोचे, दिवस भरत आले होते. विहिरीवर केझायाने तिच्या पोटाकडे पाहून म्हटले, "खाली उतरलंय ग. एप्रिल काही उजाडत नाही."

मेल्विना बादली उचलत म्हणाली, "तू नको येऊस, मावशी. आम्ही नर्सला बोलावू. डेंटन हार्बरला असतो तर दारातच असती."

मूल मार्चच्या शेवटी झाले. वादळ होते; नर्स आलीच नाही. शेवटी रात्रीच थाप पडली, आणि केझाया गेली. पहाटे मुलगी झाली, गुटगुटीत. गार्लंडने केझायासमोर चहाचा कप ठेवला आणि कपाशेजारी तो सहीचा कागद.

"मावशी, आता तरी कर. या पोरीसाठी कर."

"घराचं काय?"

"घर नेऊ ना! आख्खंच नेऊ. पिंपं बांधून तरंगवत, सगळ्यांची नेणार आहोत तशी. तुझी खिडकी पाण्याकडेच ठेवीन, माझ्या आईची शपथ."

केझायाने कागदाकडे पाहिले नाही, त्याच्याकडे पाहिले. हा जन्मला तेव्हा नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते, चेहरा निळा पडलेला. हे ती त्याला कधी बोलली नव्हती. त्याच्या आईलाही नाही. "घर आख्खं येणार," ती म्हणाली, "आणि खिडकी पाण्याकडे." आणि तिने सही केली.

जूनमध्ये घरे निघाली. घर हलवणे ही तिकडच्या माणसांची जुनी विद्या. चिमणीच्या विटा उतरवायच्या, तळाच्या तुळयांखाली ओंडके सरकवायचे, जाड दोर बांधायचा, आणि एकाने ओढीचे गाणे म्हणायचे. ओळीच्या शेवटच्या शब्दावर सगळ्या खांद्यांनी एकदम ओढायचे. गाण्याशिवाय घर हलत नाही. एकाचा खांदा आधी गेला आणि दुसऱ्याचा मागून, तर लाकूड पिळवटते. भरतीला घर किनाऱ्यावर आणायचे, चारी बाजूंनी रिकामी पिंपे घट्ट बांधायची, आणि होडीमागे ओढत न्यायचे. आठ घरे अशीच गेली. आठही वेळा ओढीचे गाणे खाडीभर घुमले. चर्चची बाकेसुद्धा गेली.

नवव्या घराचा दिवस आला तेव्हा मोठी भरती एक दिवस आधीच होऊन गेली होती. चांगली पिंपे डेंटन हार्बरच्या धक्क्यावरच राहिली होती. ती आणायला कोण जाणार? उरली ती गंजलेली, आणि तीही निम्मी.

"चालतील रे," गार्लंड म्हणाला. "एवढंसं तर घर."

"चालतील? चाचपून बघ," केझाया म्हणाली. "हे पिंप बोटानं दबतंय."

"मावशी, तू बाळं आणलीस, घरं नाही. बस तिकडं."

चौदा पुरुष दोराला लागले. आणि कुणी गायले नाही. कुणी उघड ठरवले नव्हते, पण सगळ्यांनी मनात ठरवलेले होते: हिच्यासाठी गाणे नाही. पहिली ओढ पडली, वेडीवाकडी, आणि तळाची तुळई करकरून तडकली. एलायबने कुऱ्हाडीने तासलेली ती तुळई. आवाज केझायाच्या हाडांत गेला.

मग काय झाले? किनाऱ्यावरच्या दगडावर बसलेली ती म्हातारी उठली आणि स्वतःच गाऊ लागली. आवाज घोगरा, श्वास तुटका, पण शब्द बरोबर ठिकाणी पडत होता. "सोड घरा हा डोंगर, ये पाण्यावर, ये!" आणि त्या "ये"वर चौदा खांदे एकदम ताणले गेले, इच्छा नसताना ताणले गेले, कारण जन्मापासून अंगात मुरलेले होते ते. घर सरकले. हाताहाताने, ओळीओळीने, तिने आपले घर आपल्याच गळ्याने पाण्यात ओढून आणले. कुणी तिच्याकडे पाहिले नाही. पाहवलेच नसते.

होडीच्या मागच्या फळीवर तिला बसवले. घर तिच्यामागून येत होते, हिरवी खिडकी तिच्याचकडे वळलेली. खाडीच्या तोंडाशी वारा फिरला. तडकलेल्या कोपऱ्याचे पिंप सुटले, मग दुसरे. घर एका बाजूला कलले, आणि त्याच्या ओढीने होडीचा मागचा भाग पाण्यात दबू लागला. केझायाच्या पायांशी पाणी आले.

गार्लंडने सुरी काढली.

"थांब रे," ती म्हणाली. "अजून उथळ आहे, हळू ने, टेकेल ते."

"होडी जाईल माझी!"

"गार्लंड. पोरा."

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. दोन फटक्यांत दोर तुटला. होडी एकदम हलकी होऊन पुढे झेपावली. घर वाऱ्याबरोबर खडकांच्या उथळाकडे गेले आणि तिथे गुडघ्यावर बसल्यासारखे बसले. खिडकीत पाणी शिरताना दिसले. "देवाची मर्जी, मावशी," गार्लंड म्हणाला, आणि इंजिन मोठे केले.

डेंटन हार्बरला तिला गार्लंडच्याच मागच्या खोलीत जागा मिळाली. खोलीची खिडकी डबक्याकडे. तिथे इस्पितळ होते, त्यामुळे तिच्या कातरीचे काम नव्हते. मेल्विनाची मुलगी झोपवणे, बटाटे सोलणे, फाटलेली जाळी शिवणे, ही कामे होती. दुकानातली पोरगी पत्त्यांची यादी पाहून म्हणायची, "मावशी, हॅगडाउन कोव्ह तर आता कुठं लिहिलेलंच नाही. डेंटन हार्बर लिहू?" केझाया म्हणायची, "लिही." मग घरी येऊन दार लावायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात एक दिवस गार्लंड स्वयंपाकघरात आला आणि ओले जाळे तिच्या पायांशी फेकले. मधोमध माणूस जाईल एवढे भोक.

"बघ, तुझ्या घरानं काय केलं! उथळावर बसलंय ते, छप्पर गेलं तरी चौकटी आहेत. तिसरं जाळं हे. गाव वैतागलंय. सगळे म्हणतात, मावशीचं घर जिवंत असताना नडलं, मेल्यावरही नडतंय."

केझाया वाकली. जाळ्याच्या दोऱ्यांत लाकडाचा वीतभर तुकडा गुंतला होता. हिरवा रंग अजून त्यावर होता. तिने तो एकेक दोरा सोडवत मोकळा केला, ॲप्रनला पुसला, मांडीवर ठेवला.

"गार्लंड," ती म्हणाली, "दोर कापताना हात थरथरला होता का रे तुझा?"

 तो म्हणाला, "नाही. थरथरला असता तर सगळे बुडालो असतो."

"माझाही नव्हता थरथरला. तू जन्मलास तेव्हा. वेढे होते तुझ्या गळ्याला दोन. निळा होतास." तिने सुईत दोरा भरला. "त्या दिवशी थरथरला असता, तर बरं झालं असतं."

 बाहेर धक्क्यावर त्याला कुणीतरी हाक मारत होते. गार्लंड दारापर्यंत गेला, थांबला, आणि पाठमोराच म्हणाला,

"संध्याकाळपर्यंत होईल ना? उद्या पहाटे टाकायचंय."

"होईल," केझाया म्हणाली, आणि भोकाच्या कडेवर पहिली गाठ मारली.