भांगाचं नाटक

चिंचणीच्या आमच्या नाटक मंडळींत मी राणी होतो. मिशी काढून, मावशीची पैठणी नेसून मी असा काही लाजायचो की पहिल्या रांगेतले म्हातारे फेटे सारखे करायचे. राजा व्हायचे आमचे मास्तर. शाळेतून निवृत्त झाले होते, पण छडी सोडली नव्हती; तिचाच राजदंड व्हायचा.

साठ सालानंतर मात्र राजाची प्रजा आटत चालली. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम निघालं, गावातली पोरं तिकडे कामाला लागली, कोणाची घरं राहणार आणि कोणाची उठणार याचीच जिकडेतिकडे चर्चा. नाटक कोणाला सुचतंय? एका वर्षी तर रंगमंचावर आम्ही जास्त आणि सतरंजीवर माणसं कमी. मास्तरांनी राजवाड्याचा रंगवलेला पडदा गुंडाळला आणि म्हणाले, "पुढच्या खेपेलाही हीच गत झाली, तर हा कापून भात वाळवायला अंथरीन." तो पडदा त्यांनी स्वतः रंगवला होता.

पुढच्या खेपेची तारीख ठरवायला आम्ही त्यांच्या ओटीवर बसलो. लोकांना चांदण्यात घरी जाता यावं म्हणून नाटक नेहमी पौर्णिमेला. तेवढ्यात शेजारच्या दांडी या कोळ्यांच्या गावची मासळीवाली पाटी घेऊन आली. ती सगळ्या गावाची आते.

"आते, यंदा तरी दांडीची माणसं आण गं," मास्तर म्हणाले.

तिनं पाटी आपटली. "पुनवेला उधान अस्तं, मास्तर! आमची सगली मानसं जालीवर. नाटक काय दर्यातल्या मासोल्यांना दावता? भांगाला ठेवा, आखी दांडी आनते!"

मास्तर पंचांगाची पानं उलटू लागले. इतकी वर्षं नाटक उधाणाला! अष्टमीच्या सुमारास भरतीचा जोर ओसरतो, त्याला किनाऱ्यावर भांग म्हणतात, तेव्हा जाळी सुकत असतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. नाटकाशी त्याचा संबंध कोणीच जोडला नव्हता.

सगळ्यांना म्हणजे, एक सोडून. आमचा सेनापती साताऱ्याकडचा, वीज केंद्रावर मुकादम. त्याचे डोळे विस्फारले. "आयला! मास्तर भांग पाजणार?" मी तोंड उघडेपर्यंत गडी सायकलवरून बोईसरच्या कामगार-वस्तीच्या रस्त्याला लागलासुद्धा.

अष्टमीला दिवेलागणीपासून माणसं लोटली. दांडीहून कोळी बायकापोरांसकट आले, आतेनं पुढची सतरंजी अडवली. मागोमाग ट्रक भरून कामगार उतरले, प्रत्येकाच्या हातात तांब्या नाहीतर लोटा!

पहिला अंक कसाबसा सरला. दुसऱ्यात मी महाराजांचा निरोप घेत गहिवरलो असताना मागून हाक आली, "रानीसाहिबा, भांग कब मिलेगी?"

मास्तरांनी आयुष्यात संहितेबाहेरचा एक शब्द उच्चारला नव्हता. पण आता गप्प राहिलो तर ट्रक परत जाणार, हे मला दिसत होतं. मी पदर सावरला. "महाराज, प्रजा भांग मागते आहे!"

मास्तरांची मिशी हलली. छडी उचलून ते समुद्राकडे वळले. "राणी, प्रजेला सांगा, भांग केव्हाचा लागला आहे! म्हणून तर आज आमचा दरबार भरला!"

दांडीनं शिट्ट्यांनी मैदान डोक्यावर घेतलं. कामगार बुचकळ्यात. मग आतेच उभी राहिली आणि हातवारे करून ओरडली, "अरे, पीनेका नाय! दर्याका भांग! दर्या ठंडा, आमी इधर!"

ट्रकवाले असे हसले की पेट्रोमॅक्स हलला. एकही उठला नाही. लोटे उपडे करून त्यांनी ठेका धरला, आमच्या लढाईला प्रथमच वाजंत्री मिळाली.

पडदा कापला गेला नाही. त्यानंतर तारीख ठरवायची वेळ आली की मास्तर पंचांग मिटून ठेवायचे आणि ओटीवर बसून आतेच्या पाटीची वाट बघायचे.

मुकादम मात्र दर वर्षी तांब्या घेऊनच यायचा. म्हणायचा, "असू द्या. काय सांगावं!"