तालमीत वाजलेला माझा आवाज

आमच्या तालमीनं केरळचा तो स्ट्रायकर घ्यावा की नाही, यावर उल्हासनगरात, विठ्ठलवाडी एसटी डेपोबाहेरच्या चहाच्या टपरीवर आम्ही तिघं आठवडाभर भांडत होतो. आम्हाला कोण विचारत होतं? पण कोल्हापूरपासून इतकं लांब राहिलं की माणूस जास्तच भांडतो.

तालीम म्हणजे कुस्तीची, हे खरं. पण आमच्याकडं पेठेचा फुटबॉल संघही तालमीचाच असतो आणि पेठ त्याच्यावर जीव टाकते. आता सामने मोबाईलवर दिसतात, म्हणून आम्ही टपरीवर जमायचो. एक डेपोतला मेकॅनिक, माझ्याच गल्लीतला. दुसरे अंबरनाथच्या कंपनीतले काका, रिटायरमेंटला आलेले, पेठ सोडून जन्म गेला तरी अजून पेठेचेच. तिसरा मी, जीन्सच्या कारखान्यात काज-बटणाच्या मशीनवर बसणारा.

त्या केरळच्या पोराचा व्हिडिओ मेकॅनिकनं दहा वेळा दाखवला असेल.

"उंची बघा काका. हेडरला उठतोय कसा! नाद खुळा!"

"व्हिडिओत सगळीच भारी असतात, लेका. चुकलेले गोल कोण जोडतंय त्यात?"

"तिकडं चिखलात खेळलाय तो. आपलं मैदान म्हणजे खडी. दोन मॅचमध्ये गुडघे सोलून निघतील," मी म्हणालो.

मेकॅनिक हसला. "तू बोलणारच भावा. तुझ्या घरचा नंबर नऊ जाणार न्हवं."

ते खरंच होतं. आमचा नंबर नऊ, म्हणजे आताचा स्ट्रायकर, माझा आतेभाऊ होता. मी त्याला दादा म्हणतो. वडील गेल्यावर मला आणि आईला आत्यानं घरी आणलं, आणि दादानं स्वतःच्या खोलीतली अर्धी जागा मला दिली. नववीत मी शाळा सोडली तेव्हा सगळे ओरडले, तो ओरडला नाही. फाउंड्रीतून सुट्टी काढून, सराव बुडवून तो माझ्याबरोबर एसटीनं उल्हासनगरला आला. कारखाना फिरून पाहिला, पाणी कुठं आहे, झोपायचं कुठं, सगळं विचारलं. आमच्या सिंधी सेठला म्हणाला, "भाऊ है मेरा. थोडा घाबरता है, पर काम का पक्का है." सेठनं ते लक्षात ठेवलं असावं. आजतागायत सामन्याच्या दिवशी तो स्वतःच म्हणतो, "जा, तेरा फुटबॉल देख के आ, फिर बैठ." या गावात माझं जे काही बरं चाललं आहे, ते दादानं त्या दिवशी टाकलेल्या शब्दावर.

दादा चौतिशीला आला होता. मागच्या मोसमात दोनतीनदा बॉल पुढं गेला आणि तो मागं राहिला, हे काकांनी पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. पण फाउंड्रीचा मालक त्याला तीन वाजता सरावाला सोडायचा, ते तो तालमीचा स्ट्रायकर होता म्हणून. गल्लीतून जाताना म्हातारी माणसं त्याला थांबवून बोलायची, तेही त्याचसाठी. त्याला अजून एकच मोसम हवा होता. "एवढा एक खेळतो आणि मग माझा मीच बूट काढून ठेवतो," असं तो मला फोनवर म्हणाला होता.

तालमीत नवा खेळाडू घ्यायचा झाला की बैठक बसते. बाहेरगावी असलेल्यांनी आपलं म्हणणं बोलून ग्रुपवर टाकायचं आणि बैठकीत ते स्पीकरवर सगळ्यांना ऐकवायचं, अशी पद्धत पडली आहे. पुण्याहून, दुबईहून आवाज येतात. मी कधीच पाठवला नव्हता. चार लोकांत बोलायचं म्हटलं की मी मागच्या मागं सटकतो. पण बैठकीच्या त्या संध्याकाळी मेकॅनिक म्हणाला, "दादासाठी एवढं तरी कर की. गप बसून काय व्हतंय?"

मी रेकॉर्डचं बटण दाबून मोबाईल तोंडाशी धरला. आधी नीट बोललो: दादानं किती वर्षं दिली, पेठेचं पोरगं बाहेर बसवू नका. मग वाटलं, हे सगळे म्हणणारच. काहीतरी मोठं सांगायला हवं. आणि मी सांगितलं. मागच्या फायनलआधी दादाच्या गुडघ्यातली दोरी, ते लिगामेंट म्हणतात ती, तुटली होती, सांगलीच्या डॉक्टरांनी खेळू नको म्हणून सांगितलं होतं, तरी इंजेक्शन घेऊन तो नव्वद मिनिटं पळाला आणि गोल मारला. "असला माणूस तुम्हाला केरळात मिळणार हाय का?" असं विचारून मी बोट उचललं आणि निरोप ग्रुपवर गेला. दादासाठी मोठं काम केलं असं वाटत होतं.

काका माझ्याकडं बघत राहिले. "दोरी तुटलीया? कधी?"

मला तेव्हा कळलं.

तो सांगलीला गेला होता तेच मुळी कोल्हापुरात कुणाला कळू नये म्हणून. मी सुट्टीवर घरी होतो, मला बरोबर नेलं होतं. परत येताना 'कुणाला सांगू नको' असं तो म्हणाला नाही. मला तसं बजावावं लागेल असं त्याला वाटलं नसणार.

मी घाईघाईनं निरोप पुसला. उपयोग नव्हता. बैठक चालू होती, तिथं तो वाजून झाला होता.

पुढचं मेकॅनिकच्या भावानं फोनवर सांगितलं, तो बैठकीत होता. तोवर बैठकीत अर्धे अर्धे होते. माझा आवाज थांबला. मग तालमीतले एक सर्वांत जुने खेळाडू उठले आणि म्हणाले, "पोराचा पाय घालवून आपल्याला कप नको." केरळच्या पोराला घ्यायच्या विरोधात एकही हात वर गेला नाही. दादा तिथंच भिंतीला टेकून बसला होता. त्यांनी त्याचा अपमान केला असता तर मला त्यांना शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी मायेनंच त्याला काढलं.

तीन दिवस मला फोन करायचा धीर झाला नाही. चौथ्या दिवशी दुपारी केला.

"दादा, चुकलं माझं."

"काय चुकलं? हाय तेच बोललास." मागं फाउंड्रीचा आवाज येत होता. तीन वाजून गेले होते आणि तो कामावरच होता. "बरं, ठेवतो. शिफ्ट हाय."

शिफ्ट आहे म्हणून त्यानं माझा फोन कधी ठेवला नव्हता.

महिन्याभरानं मोसमाचा पहिला सामना लागला. सेठनं सवयीनं सोडलं. नको म्हणायचं कसं ते सुचेना, म्हणून मी टपरीवर गेलो. तो केरळचा पोरगा नऊ नंबर घालून उतरला. वीसबावीस वर्षांचा, खाली मान घालून चालणारा. लांबून आला होता, भाषा येत नव्हती, कॉर्नरच्या वेळी सगळे ओरडून काय सांगतात ते न कळून इकडंतिकडं बघत होता. त्याच्यावर राग धरायचा मी ठरवलं होतं, पण मला तो धरता येईना.

दुसऱ्या हाफला डावीकडून बॉल आला. तो दोघांच्या मधून उठला आणि डोक्यानं असा काही खाली दाबला की गोलकीपर जागेवरून हललाच नाही. मेकॅनिकनं बाकावर थाप मारली, काकांचा चहा सांडला, आणि मी उभा राहून गोल म्हणून ओरडत होतो. किती वेळ ओरडलो ते ठाऊक नाही. भान आलं तेव्हा मेकॅनिक माझ्या खांद्याला धरून नाचत होता आणि मला खाली बसायचं होतं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यानं आपणहून केला होता.

"बघितलीस का मॅच? पोरगं चांगलं हाय रं."

"नाही दादा," मी म्हणालो. "आज सुट्टी नाही मिळाली."

"बघ की मग," तो म्हणाला. "गोल बघण्यासारखा हाय." आणि तो गोल कसा झाला, ते तो मला पहिल्यापासून सांगू लागला. मी हं हं करत ऐकत राहिलो.